मांदे वाद्यवृंद: दरबार, सरकार आणि कॅसेट

दक्षिण माली, गिनीचा उत्तर व पूर्व भाग, गांबिया, दक्षिण सेनेगल आणि कोत दिव्वारचा वायव्य कोपरा हा पश्चिम आफ्रिकेतील मांदे लोकांचा मुलूख. तेराव्या शतकात सुंजाता केइताने इथे माली साम्राज्य उभे केले. तेव्हापासूनच्या वंशावळी, लढायांच्या कथा आणि स्तुतिगीते सांभाळण्याचे काम जेली या जन्माने ठरणाऱ्या गायक-वादकांच्या जातीकडे राहिले. कुयाते, जाबाते, कांते ही त्यांतली ठळक घराणी. २१ तारांचा कोरा, लाकडी पट्ट्यांचा बालाफोन आणि न्गोनी हे लहानसे तंतुवाद्य ही त्यांची मुख्य वाद्ये. आपल्याकडच्या भाटांप्रमाणे जेली आश्रयदात्याच्या कुळाचे गुणगान करीत आणि त्याच्या दानावर जगत; शिवाय दरबारात सल्लागार आणि तंट्यात मध्यस्थ म्हणूनही त्यांचा शब्द चाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या परंपरेला इलेक्ट्रिक गिटार, सॅक्सोफोन आणि ड्रम येऊन मिळाले, आणि त्यांचा खर्च बव्हंशी सरकारने उचलला.

फ्रेंच अमलात गिनीतल्या कोनाक्री आणि मालीतल्या बामाको इथल्या नाचघरांत वाजे ते वॉल्ट्झ, टँगो आणि फ्रेंच गाणी. १९३०च्या दशकापासून क्युबन संगीताच्या तबकड्याही पश्चिम आफ्रिकेत येऊ लागल्या. क्युबन तालांची मुळे आफ्रिकेतच असल्याने ते इथल्या कानांना परके वाटले नाहीत. पुढच्या साऱ्या वाद्यवृंदांवर त्यांची छाप आहे.

सप्टेंबर १९५८ मधल्या सार्वमतात गिनीने फ्रान्सशी जोडून राहण्याच्या, फ्रेंच नेते द गॉल यांच्या प्रस्तावाला नकार दिला आणि २ ऑक्टोबरला देश स्वतंत्र झाला. फ्रेंच अधिकारी सामानसुमान उचलून निघून गेले. अध्यक्ष सेकू तुरे यांनी त्यांच्यामागे राहिलेले नाचघरातले संगीतही नको म्हटले. १९५९ मध्ये खाजगी वाद्यवृंद मोडीत काढून निवडक वादकांचा ‘सिली राष्ट्रीय वाद्यवृंद’ उभा करण्यात आला. वाद्ये सरकारने घेऊन दिली, पगार सरकारी, आणि काम एकच: गावोगावच्या जुन्या चाली नव्या वाद्यांवर आणायच्या. पुढे त्यातून दोन वाद्यवृंद निघाले. सॅक्सोफोनवादक केलेतिगी त्राओरे यांचा ‘तांबुरिनी’ कोनाक्रीच्या ला पायोत नाचघरात वाजवी, तर ट्रम्पेटवादक बाला ओनिव्होगी यांचा ‘बालादँ’ जार्दँ द गिने या नाचघरात. प्रत्येक प्रांताने आपापला वाद्यवृंद उभारला, त्यांच्या स्पर्धा भरू लागल्या. १९६१ मध्ये सशस्त्र पोलीस दलातल्या स्त्रियांचा वाद्यवृंदही निघाला. ‘लेझ आमाझोन द गिने’ या नावाने तो गाजला.

मात्र साऱ्यांना मागे टाकले ते दूरच्या बेयला गावातल्या प्रांतीय वाद्यवृंदाने. १९६१ साली सुरू झालेला बेंबेया जाझ १९६६ मध्ये राष्ट्रीय वाद्यवृंद झाला. गायक देंबा कामारा हे त्याचे आकर्षण आणि गिटारवादक सेकू जाबाते हे त्याचे बलस्थान. जाबाते जेली घराण्यातले. मांदे गिटारवादक साधारणपणे अंगठा आणि तर्जनी या दोनच बोटांनी तारा छेडतात. अंगठा खर्जातला फेर धरून ठेवतो आणि तर्जनी वरची सुरावट खेळवते. कोऱ्यावरचीच ही रीत. वरून झरझर खाली उतरणाऱ्या लडी मात्र बालाफोनच्या. त्यामुळे ॲम्प्लिफायरमधून आलेला आवाज नवा असला तरी गावाकडच्या श्रोत्याला त्यातली चाल ओळखू येई.

बेंबेयाची सर्वांत महत्त्वाकांक्षी रचना म्हणजे ‘रगार स्युर ल पासे’ (गतकाळावर एक दृष्टी). सरकारी सिलीफोन कंपनीने ती १९६९च्या सुमारास काढली. तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापणाऱ्या या रचनेत फ्रेंचांशी वर्षानुवर्षे लढलेल्या सामोरी तुरे यांची गाथा निवेदन आणि गायनातून उलगडते. १८९८ मध्ये फ्रेंचांनी सामोरींना पकडून गाबोनला हद्दपार केले आणि १९०० मध्ये ते तिथेच वारले. रचनेचा पाया म्हणजे सामोरींचा सेनानी भाऊ केमे बुरेमा याच्यावरचे जुने जेली गीत. अध्यक्ष तुरे स्वतःला सामोरींचे वंशज म्हणवीत. साहजिकच पूर्वजाच्या पराक्रमाचे गाणे विद्यमान सत्ताधीशाच्या पदरीही पडले. संगीत म्हणून ही रचना थोर आहे आणि स्तुतिगायन म्हणूनही अस्सल, कारण जेली हेच करत आले होते. बदलला होता तो दाता. हा दाता भयंकरही होता. गिनीच्या नृत्य-संगीताला जगापुढे नेणारे ‘बाले आफ्रिकेँ’चे संस्थापक फोदेबा केइता १९६९ मध्ये तुरे यांच्याच बॉयरो बंदिछावणीत मारले गेले. १९७३ मध्ये देंबा कामारा डाकारमधल्या मोटार अपघातात गेले, आणि बेंबेयाला ती पोकळी नीट भरून काढता आली नाही.

शेजारच्या मालीत सरकारचा हात जरा सैल होता. १९७० मध्ये रेल्वे प्रशासनाने बामाको स्थानकाच्या उपाहारगृह-हॉटेलसाठी ‘रेल बँड’ उभा केला. प्रमुख होते तिदियानी कोने आणि गायक सालिफ केइता. सालिफ हे सुंजाताच्या कुळातले. ज्या कुळाने जेलींकडून स्तुती ऐकायची, त्यातल्या मुलाने पोटासाठी गावे हे घरच्यांना रुचणे शक्य नव्हते. त्यातून ते वर्णहीनतेसह जन्मलेले, त्यामुळे लोकांच्या संशयी नजराही वाट्याला आल्या. १९७३ मध्ये ते ‘लेझ अँबासादर’ या प्रतिस्पर्धी वाद्यवृंदात गेले. बामाकोच्या एका मोटेलात वाजवणाऱ्या या मंडळींत गिनीचे गिटारवादक कांते मान्फिला होते, आणि पाहुण्यांच्या फर्माईशीनुसार ते परदेशी नाचगाणीही हौसेने वाजवीत. रेल बँडमध्ये सालिफ यांची जागा जेली घराण्यातल्या मोरी कांते यांनी घेतली, जेलिमादी तुंकारा यांची गिटार होतीच. सुंजाताच्या वनवासावरचे रेल बँडचे दीर्घगीत १९७५ मध्ये निघाले.

अँबासादरवर सुरक्षा खात्याच्या प्रमुखाची मर्जी होती. १९७८ मध्ये त्याला अटक झाली आणि वाद्यवृंदाला बामाको सोडून कोत दिव्वारमधले आबिदजान गाठावे लागले. तिथे त्यांनी ‘मांजू’ ध्वनिमुद्रित केले: सेकू तुरे यांची स्तुती, तीही जेली नसलेल्या सालिफ यांच्या तोंडून. मांदे लोकप्रिय संगीतातले हे एक शिखर मानले जाते.

१९८४ मध्ये तुरे वारले. त्याआधीच गिनीतल्या वाद्यवृंदांचा सरकारी आधार सुटू लागला होता. आता कॅसेट स्वस्तात निघत होती, आणि लग्ना-बारशाच्या मेळाव्यांत गाणाऱ्या कांदिया कुयाते, आमी कोइता यांच्यासारख्या जेली स्त्रियांना थेट श्रोता मिळू लागला. पंधरा-वीस वादकांचा संच पोसणे कोणालाच परवडेना. सालिफ आणि मोरी कांते पॅरिसला गेले. १९८७ मध्ये सालिफ यांचा ‘सोरो’ आला आणि मोरी कांते यांच्या ‘ये के ये के’ने युरोपात विक्रीचे उच्चांक गाठले. इकडे गिनीत १९८५च्या फसलेल्या उठावात कोनाक्रीच्या रेडिओ केंद्रावर तोफा डागल्या गेल्या आणि सिलीफोनचा बराच संग्रह गेला. तरी रेडिओच्या कपाटांतल्या जुन्या फिती उरल्या होत्या. २००८ ते २०१३ या काळात ऑस्ट्रेलियन संशोधक ग्रॅम काउन्सेल यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने त्यांतली ९,०००हून अधिक गाणी संगणकावर उतरवली. तबकडीवर कधीच न निघालेल्या कितीतरी ध्वनिमुद्रणांचा त्यांत समावेश आहे.