सेंट्रेलियाचा सोडलेला रस्ता

रस्ता वहिवाटीने होतो, तो मोडावयास मात्र सरकारी हुकूम लागतो, अशी आम्हां वकीलमंडळींची समजूत. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात सेंट्रेलिया गावाच्या दक्षिणेस राज्यमार्ग ६१ चा जो पाऊण मैलाचा तुकडा होता, त्याचा निकाल प्रथम जमिनीनेच दिला. हुकूम मागाहून आला.

गाव दगडी कोळशाचे. १९६२ च्या मे महिन्यात स्मशानभूमीजवळच्या जुन्या खाणीच्या खड्ड्यातील कचरा गावाने पेटविला. दिवंगतांच्या स्मरणदिनापूर्वी जागा स्वच्छ व्हावी हा हेतू, असा सर्वसाधारण वृत्तान्त आहे. ती आग कोळशाच्या थरांत शिरली आणि अद्यापि विझलेली नाही. रस्त्याखालून ती सरकली तेव्हा डांबराला लांबच लांब भेगा पडून त्यांतून धूर येऊ लागला. अखेर १९९३ साली तो तुकडा कायमचा बंद करून वाहतूक शेजारच्या रस्त्याने वळविण्यात आली. पुढे हौशी तरुणांनी तो रंगांनी भरून टाकला. राज्याने हक्क सोडल्यावर तो एका खाण-कंपनीकडे गेला व २०२० च्या एप्रिलात, साथीच्या दिवसांतही गर्दी हटेना म्हणून, कंपनीने शेकडो ट्रक माती टाकून तो बुजविला.

रस्त्याचे एक वेळ चालेल, घरांचे काय? बहुतेकांनी मोबदला घेऊन गाव सोडले. जे राहिले त्यांची घरे १९९२ साली राज्याने सक्तीच्या भूसंपादनाने आपल्याकडे घेतली. दाव्यांनंतर २०१३ साली तडजोड झाली : उरलेल्या मूठभरांनी हयात असेतो राहावे, पश्चात घर राज्याचे. कायद्याच्या दृष्टीने यात न्यून काढणे कठीण. परंतु स्वतःच्याच ओसरीवर पाहुणा होऊन बसणे आम्हांस तरी सोपे वाटत नाही. १९८० साली हजारावर असलेली वस्ती २०२० च्या शिरगणतीत पाचांवर आली.

गावावरच्या टेकडीवर युक्रेनी ख्रिस्ती लोकांचे १९११ सालचे प्रार्थनामंदिर आहे. तेही पाडावे लागणार होते. पण पाहणीत त्याच्या पायाखाली अखंड खडक लागला आणि ते वाचले. आमच्या श्रीमंगेशाला १५६० साली भक्तांनी कुठ्ठाळीहून जुवारीपार प्रियोळास नेले. येथे भक्तच पांगले नि देवालय जागी राहिले. पांगलेल्यांची कुटुंबे अजून तेथे प्रार्थनेस येतात, आणि २०१६ पासून त्या टेकडीवर वार्षिक यात्राही भरू लागली आहे.