दवाखान्यातून संपाकडे : डॉ. दत्ता सामंत

नागपूरच्या राजकारणात डॉक्टरांची परंपरा जुनी आहे. डॉ. बा. शि. मुंजे, डॉ. केशव बळिराम हेडगेवार आणि १९३७ साली मध्यप्रांताचे पंतप्रधान झालेले डॉ. ना. भा. खरे ही नावे कुणालाही आठवतील. या तिघांचाही प्रवास अखेरीस हिंदुत्वाच्या दिशेने झाला. येथील गिरणी कामगारांचे पुढारी मात्र दवाखान्यातून आले नाहीत. आर. एस. रुईकर किंवा ए. बी. बर्धन ही माणसे चळवळीच्या आणि संघटनेच्या शिस्तीत घडली. रोगी तपासता तपासता कामगारांच्या राजकारणात ओढला गेलेला डॉक्टर शोधायचा, तर आपल्याला नागपूर सोडून मुंबईच्या घाटकोपरला जावे लागते.

दत्ता सामंतांचा जन्म १९३२ सालचा. ते मूळचे मालवणजवळच्या देवबागचे. मुंबईत एम.बी.बी.एस. होऊन त्यांनी घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना थाटला. त्या काळी घाटकोपरच्या आसपास दगडांच्या खाणी होत्या आणि तेथील मजूर हे त्यांचे रोगी होते. औषध देऊन पाठवलेला माणूस तीच धूळ आणि तीच उपासमार घेऊन परत येतो, हे ज्या डॉक्टराला रोज दिसते त्याच्यापुढे दोनच वाटा असतात. एक तर त्याने ते पाहायचे सोडावे, नाहीतर दवाखान्याबाहेर पडावे. सामंत बाहेर पडले. खाण कामगारांच्या संघटनेपासून त्यांचे सार्वजनिक आयुष्य सुरू झाले.

त्यांना डावे म्हणावे काय, हा वाद जुना आहे. ते काँग्रेसमध्ये होते. १९७२ साली त्याच पक्षाचे आमदार झाले. तरीही आणीबाणीत त्यांना तुरुंगात जावे लागले. मार्क्सवादाची पोथी त्यांनी कधी हाती धरली नाही, आणि जुन्या डाव्या पक्षांना त्यांच्याविषयी अविश्वासच वाटत राहिला. पगारवाढ मागताना ते कंपनीचा ताळेबंद पाहत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. आम्हांला या ख्यातीत त्यांचा मूळ पेशा दिसतो. वेदना किती आहे हे डॉक्टर रोग्याला विचारतो. घरमालकाला परवडेल काय, हे विचारून तो निदान करीत नाही.

दवाखाना माणसाला कायमचा गरिबांच्या बाजूला ठेवतो, असे मात्र नाही. फ्रान्सचा जॉर्ज क्लेमान्सो हाही डॉक्टरच. पॅरिसच्या माँमार्त्र भागात त्याने गरिबांवर उपचार केले, १८७० साली तो तेथला महापौर झाला आणि संसदेत डाव्या बाकांवरून गाजला. त्याच क्लेमान्सोने १९०६ साली गृहमंत्री होताच खाण कामगारांच्या संपावर सैन्य धाडले. सामंतांच्या वाट्याला सत्ता आली नाही, म्हणून ती कसोटीही आली नाही. त्यांची कसोटी वेगळी होती.

१९८१ च्या अखेरीस मुंबईचे गिरणी कामगार त्यांच्या दारी आले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटींचा अधिकार फक्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता, आणि त्या संघावरचा कामगारांचा विश्वास उडाला होता. सामंत आधी नाखूष होते. पण १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार गिरण्यांबाहेर पडले. पगारवाढीबरोबरच तो कायदा रद्द व्हावा, ही त्यांची मागणी होती. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी धान्य देऊन हा संप जगवला. सरकार मात्र हलले नाही. संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही; तो विरत गेला आणि हजारो कामगार कायमचे बेकार झाले. त्या पडझडीनंतरचे चाळीतले घर जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये आपल्यातील अनेकांनी वाचले, शिकवले आहे.

येथे दवाखान्याची दुसरी बाजू समोर येते. कामगार त्यांना ‘डॉक्टर’च म्हणत. या संबोधनात विश्वास होता, तशी सोपवणूकही होती. रोगी आपले शरीर डॉक्टरांच्या हवाली करतो. उपचार केव्हा थांबवायचा, हे तो ठरवीत नाही. संपाचा शेवट ठरवू शकेल अशी दुय्यम फळी उभी राहिली नाही, आणि डॉक्टरांनीही रोग्याला ‘आता आशा नाही’ असे सांगितले नाही. एवढे गमावूनही १९८४ च्या काँग्रेस लाटेत गिरणगावाने त्यांना अपक्ष म्हणून लोकसभेत धाडले. हरलेल्या पुढाऱ्याला हरलेल्या अनुयायांनी दिलेला हा कौल केवळ व्यक्तिपूजा म्हणून झटकून टाकणे आम्हांला जमत नाही. आपले दुखणे ऐकून घेणाऱ्याशी माणसे इमान राखतात.

१६ जानेवारी १९९७ रोजी पवईत घराजवळच त्यांची गोळ्या घालून हत्या झाली.

नागपुरात बसून सामंतांना दोष देणे सोपे आहे. पण १८७७ साली सुरू झालेली आपली एम्प्रेस मिल तरी कोठे राहिली? तिच्या जागेवर पुढे मॉल उभा राहिला. शिस्तीच्या संघटनाही तिला वाचवू शकल्या नाहीत. तेव्हा एका माणसाच्या हट्टाने गिरण्या बुडाल्या, हा निवाडा आम्हांला मान्य नाही. आमची तक्रार एवढीच, की संप केव्हा थांबवावा हा प्रश्न अडीच लाख माणसांना एकदा तरी मोकळेपणी विचारायला हवा होता. तो कायद्याने विचारला नाही, सरकारने विचारला नाही, आणि डॉक्टरांनीही विचारला नाही.