थरथर सेकंदाला किती?

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेकडे पहिली लोकल धावली. अशा गाड्यांची चाकं तपासायची रेल्वेत एक जुनी रीत आहे. गाडी उभी राहिली की लांब दांड्याच्या हातोडीने एकेक चाक ठोकायचं. धड चाक खणखणतं, तडा गेलेलं मडक्यासारखं बद्द वाजतं. वालीव-सातिवलीकडच्या गॅरेजात चालू इंजिनावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मुठीला कान लावणारा मिस्त्री याच कुळातला. गाडीत मोबाइल ठेवून थरथरीचा आलेख काढणाराही त्यांचाच वंशज.

मिस्त्री आधी विचारतो, "हादरते, थरथरते की घरघरते?" भाषेने केलेली ही वर्गवारी मला फार मोलाची वाटते. मोबाइलमधल्या सॉफ्टवेअरचा प्रश्नही तोच, फक्त त्याला उत्तर आकड्यात हवं असतं: सेकंदाला किती वेळा?

अडचण अशी की गाडीच्या तळाशी सगळ्या थरथरी एकात एक मिसळलेल्या असतात. गुंतागुंतीची लहर साध्या लहरींत सोडवता येते, हे गणितज्ञ फूरिये यांनी १८२२ मध्ये उष्णतेवरच्या ग्रंथात मांडलं. पण १,०२४ नोंदींसाठी त्या रीतीने दहा लाखांवर गुणाकार लागत. १९६३ मध्ये अमेरिकेला सोव्हिएत रशियाच्या भूमिगत अणुचाचण्या जमिनीच्या कंपनांवरून ओळखायच्या होत्या. गणितज्ञ ट्युकी यांनी हिशोबाची युक्ती सुचवली, भौतिकशास्त्रज्ञ गार्विन यांनी तिचा पाठपुरावा केला, आयबीएमच्या कूली यांनी प्रोग्रॅम लिहिला. १९६५ मध्ये ती छापून आली आणि दहा लाखांचं काम दहा हजारांच्या घरात आलं. पुढे कळलं, की गणितज्ञ गाऊस यांनी हीच वाट १८०५ च्या सुमारास लघुग्रहांच्या कक्षा मोजताना शोधली होती. ते लिखाण छापलं गेलं त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये. विरारच्या लोकलच्या आदल्याच वर्षी!

आता तो हिशोब खानिवड्याच्या दिशेने जाणाऱ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला लावू. टायरचा घेर १.८५ मीटर. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर, म्हणजे चाकाचे १२ फेरे. आलेखात १२ वर उंचवटा दिसला, तर आधी टायर, रिम आणि बॅलन्सिंग बघायचं. डिफरन्शियलचं प्रमाण चारास एक असेल, तर प्रोपेलर शाफ्ट ४८ वेळा फिरतो. शाफ्टचा तोल गेला तर उंचवटा ४८ वर, त्याच्या सांध्यातला क्रॉस झिजला तर बहुधा दुप्पट, ९६ वर.

इथे एक पेच आहे. टॉप गिअर थेट असेल, तर इंजिनही शाफ्टइतकंच, ४८ वेळा फिरतं आणि चार सिलिंडरचे स्फोट सेकंदाला ९६ होतात. आकडा एक, संशयित दोन. मग त्याच ८० च्या वेगाला एक गिअर खाली घ्यायचा. उंचवटा ९६ वरून पुढे सरकला, तर इंजिन आणि त्याची फाउंडेशनं तपासायची. जागचा हलला नाही, तर गाडी रॅम्पवर चढवून शाफ्टखाली जायचं आणि क्रॉस हाताने हलवून बघायचा.