बसा खाली, जोड लागतीय!

डोळा चोळू नका, कोळशाचा कण आणखी आत जाईल. पापणी ओढून धरा, पाणी आलं की येईल तो बाहेर. दौंड जंक्शनात उतरणाऱ्याचं स्वागत हे असंच होतं. साल १९६६, महिना चैत्राचा. पलीकडं इंजिन सोंडेखाली उभं राहून पाणी भरून घेतंय, तापलेल्या लोखंडाचा आणि तेलकट चिंध्यांचा वास नाकात जाऊन बसलाय, आणि बारामतीची छोटी गाडी आत्ताच कण्हत येऊन थांबलीय. तिच्यातून कोण उतरतंय ते बघा. सहा-सात गडी, डोक्याला पटके, काखेत पिशव्या, माना खांद्यांत रुतलेल्या. आणि कान! टक लावून बघू नका, बरं दिसत नाही. वर्षानुवर्षं डोक्याला डोकं घासलं की आत रक्त साकळतं आणि कानाचा असा भज्यासारखा गोळा होतो.

त्यांच्या मागं लागा. ते ज्या ट्रकात चढतायत त्यातच तुम्हीही चढा. गुळाच्या ढेपा उतरवून परत निघालेला ट्रक आहे. फळ्या चिकट आहेत, माश्या सोबतीला आहेत, बूड टेकवाल तिथं धोतर चिकटेल. (हो, धोतरच. तुमच्या जीन्सकडं स्टेशनात सगळे वळून बघत होते, म्हणून बदलून टाकली.) मुठेच्या उजव्या कालव्याचं पाणी या अंगाला पोचलंय, म्हणून दोन्ही बाजूंना ऊस आणि मधूनमधून गुऱ्हाळांचा धूर. पुढं भीमा. तिच्या अलीकडं दौंड तालुका, पलीकडं शिरूर. म्हातारी माणसं त्या गावाला अजून घोडनदीच म्हणतात. तिकडं बाजरी, मटकी आणि पावसाची वाट. आजची यात्रा नदीकाठच्या गावची, म्हणजे माणसं दोन्ही काठांची येणार. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

यात्रेचा आज दुसरा दिवस. काल पुरणपोळीचा नैवेद्य झाला, देव तृप्त झाला, आता माणसं मटणाला मोकळी. घराघरांतून रश्श्याची फोडणी येतीय, तिच्यात गोडी शेव तळल्याचा वास मिसळलाय. रात्री तमाशा, सकाळी त्याची हजेरी, दुपारी कुस्त्यांचा हगामा, हा क्रम ठरलेला. निम्मं गाव रात्रभर जागलेलं आहे, तरी उन्हं कलायच्या आत सगळे रानात हजर.

रान नांगरून, ढेकळं फोडून, पाणी शिंपून आखाडा केलाय. कडेनं दोर. दोराच्या मागं माणसं, माणसांच्या मागं बैलगाड्या, गाड्यांवर माणसं, आणि लिंबाच्या झाडावर पोरंच पोरं. बायका इथं दिसणार नाहीत. त्या तिकडं बांगड्यांच्या पालांपाशी. हगामा हा पुरुषांनी स्वतःसाठी राखून ठेवलेला प्रकार, आणि तेव्हा त्यात कुणाला काही खटकतही नव्हतं.

तुम्ही जरा टाचा उंचावता, तोच पाठीत कोपर बसतं.

"ओ पाव्हणं, खाली बसा की! मागच्याला काय तुमची पाठ दावायची व्हय?"

बसा. माती अजून गरम आहे. शेजारच्या तात्यांनी पानाची चंची उघडलीय. ते तुमच्याकडं बघतात, आणि न विचारता तुमचा दंड चाचपतात. मग मानेवर हात ठेवून दाबतात. मग काही न बोलता हात काढून घेतात. वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही सुटलात.

कोपऱ्यात चिपाडाचा जाळ केलाय आणि हलगीवाला हलगीचं तोंड त्याच्यावर धरून शेकतोय. कातडं तापलं की ताणलं जातं. बोटानं टिचकी मारतो, कान लावतो, पुन्हा शेकतो. मग एकदम कडाड्! छातीच्या आत काहीतरी उलटं होतं. हा आवाज कानानं ऐकायचा नाही, बरगड्यांनी ऐकायचा.

सुरुवात रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. सात-आठ वर्षांची चिमुरडी, लंगोट सावरत, मूठभर रेवड्या नाहीतर खोबऱ्याची वाटी मिळवायला एकमेकांना लोळवतायत. एक पोरगं पडतं, उठून रडतं, आणि हरूनही रेवड्या घेऊन पळतं. मग चार आण्यांची, रुपयाची, पाचाची, अकराची. दशमान नाणी येऊन नऊ वर्षं झाली, पण इथं पंचवीस पैसे कुणी म्हणत नाही. पंच दोघांचे हात धरून आखाड्याला फेरी मारतात. ही जोड लोकांना मान्य आहे का ते बघायचं असतं. "आरं, त्यो थोराड हाय!" असं लोक ओरडले की जोड मोडली. जोड पसंत पडली की सलामी, मातीची मूठ एकमेकांच्या खांद्यावर, मानेवर. घामानं हात निसटू नये म्हणून ही माती. ओली माती, गोडं तेल आणि माणसाचा घाम असा तिहेरी वास तुमच्यापर्यंत येतोय ना? आठ दिवस जाणार नाही तो.

गुण नाहीत, घंटा नाही. पाठ मातीला लागली आणि आभाळ दिसलं की संपलं. पुण्याच्या पेठांतल्या तालमींचे गडी, बारामतीकडचे, घोडनदीकडचे, कुणी थेट कोल्हापूरचे. सगळ्यांनाच काही हिंदकेसरी व्हायचं नसतं. झाडावरच्या पोरांच्या तोंडी श्रीपती खंचनाळे आणि मारुती माने आहेत, पण इथं खेळणाऱ्यांची नावं पुढच्या यात्रेपर्यंतही कुणी लक्षात ठेवत नाही. चैत्र-वैशाखात एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं, इनाम घ्यायचं, त्यातून बदाम आणि तूप घ्यायचं, पुन्हा जोर-बैठका. बोट निखळलं तर तिथंच वस्ताद ओढून बसवणार. ते बघू नका, आवाज वाईट येतो.

आता त्या दोराशी उभ्या असलेल्या माणसाकडं बघा. लंगोट नाही, सदरा-धोतर, हातात काठीसुद्धा नाही. हा गावचा पैलवान. आज खेळणार नाही, गुडघा गेलाय. रात्री तमाशाच्या कनातीपाशी हाच उभा होता. चार टारगट पुढं सरकले, याच्याकडं बघितलं आणि बसले. त्याला गावानं पोसलं ते यासाठीही. ह्या घरचं दूध, त्या घरचं तूप. कॅनडा-अमेरिकेतल्या लहानसहान शहरांच्या आइस हॉकी संघांत असा एक गडी मुद्दाम बाळगतात. गोल त्यानं केला नाही तरी चालतं. आपल्या चपळ खेळाडूला कुणी आडवं केलं की हातमोजे टाकून अंगावर जायचं आणि पाच मिनिटं बाहेर बसायची शिक्षा भोगायची, एवढंच त्याचं काम. बहुतेक वेळा तो नुसता बाकावर बसलेला दिसला तरी पुरतं. आपल्याकडची अट मात्र कडक. आखाड्याबाहेर पैलवानानं हात उचलला तर वस्तादाची मान खाली जाते. त्यानं फक्त उभं राहायचं. हे कुस्तीपेक्षा अवघड असावं, असा माझा अंदाज आहे.

शेवटची जोड! एकशे एक रुपये आणि मानाचा फेटा. बारामतीकडचा एक, म्हणजे सकाळी छोट्या गाडीतून उतरलेला, तुमच्याच ट्रकातला. दुसरा घोडनदीकडचा. शड्डू घुमले. हलगी चढली. तात्यांनी पान थुंकलं. खडाखडी सुरू झाली आणि संपेचना. मनगटाला मनगट, कपाळाला कपाळ, दोघंही कुंपणावरच्या सरड्यासारखे सावध.

"कुस्ती करा, फुगडी नका घालू!"

पंचांनी हात वर केला: बरोबरीत. झालं! पलीकडच्या काठाची माणसं म्हणाली आमचा वरचढ होता, अलीकडची म्हणाली तुमचा पळत होता. दोर तुटला. धुरळा उठला. तुमची टोपी गेली, ती आता विसरा. कुणाच्या तरी हातात गाडीची शिवळ दिसतीय, आणि तुम्ही नेमके मधोमध.

तो गुडघा गेलेला माणूस लंगडत आत आला. दोन्ही काठांच्या मध्ये उभा राहिला. कुणाला धरलं नाही, ढकललं नाही.

"बसा," म्हणाला. "निकाली हुईल. बसा."

पुढचे बसले म्हणून मागचे बसले. पंचांनी पुन्हा हात मिळवून दिले. या खेपेला घोडनदीवाल्यानं पट काढला, बारामतीचा पोटावर पडला, तोंड मातीत. त्याच्या नाकातून उडालेली माती तुमच्या पायावर आलीय, बघा. वरच्यानं सवारी भरली, मान दाबली, एकदा ओढलं, नाही. दुसऱ्यांदा ओढलं, आणि घिस्सा लागला. आभाळ! निम्मं रान उभं राहून किंचाळतंय, तुम्हीही किंचाळताय, कोण जिंकावं असं तुम्हाला वाटत होतं हे तुमचं तुम्हालाही आठवत नाही. विजेता गुलालात माखून फेरी मारतोय, माणसं त्याच्या हातात नाणी, नोटा ठेवतायत. तात्यांनी आठ आणे काढले आणि तुमच्या वतीनं आणखी चार.

चला, ट्रक सुटेल. फळ्या अजून चिकट आहेत. कोपऱ्यात बारामतीवाला बसलाय, मान धरून, आणि त्याच्या मागं बसून त्या मानेला तेल चोळतोय तो घोडनदीवाला. दोघांच्या मध्ये फडक्यात भाकरी आणि मटणाचा डबा. मघाशी ज्यांच्यासाठी डोकी फुटायची वेळ आली होती, तेच हे दोघं.

"जोरात दाबलीस रं."

"मग काय, दोन्ही काठ उठलं हुतं. उद्याला येतूयस न्हवं यवताकडं?"

"यीन. पण जोड आपली लावू नका म्हनावं पंचास्नी."

"आन लावलीच तर?"

बारामतीवाल्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "तर उद्या मी वर."