सांबार, डांगर आणि कुंभकोणमची वही

गेल्या भागात व्यंकोजीराजांनी तंजावर कसं घेतलं ते पाहिलं, आणि त्यानंतर तुमच्यातल्या निम्म्यांनी एकच प्रश्न पाठवला. सांबार खरोखर मराठ्यांनी शोधलं का? लढाया, तह, खंडण्या यांवर मी तास-तास बोलतो, तेव्हा कुणी एवढ्या तत्परतेने विचारत नाही. असो. आज स्वयंपाकघरातच बसू.

गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. तंजावरला शहाजीराजे, म्हणजे व्यंकोजींचे थोरले चिरंजीव, गादीवर आहेत. त्यांना आंबट आमटी आवडते. एके दिवशी कोकणातून येणारं आमसूल संपलं, मुदपाकखान्यात कुणीतरी चिंच घातली, आणि त्या दिवशी पाहुणे म्हणून आलेल्या संभाजीराजांच्या नावावरून त्या आमटीला सांबार म्हणू लागले. ऐकायला झकास गोष्ट आहे.

आता फौजी माणसाच्या सवयीने तारखा आणि अंतरं मांडतो. शहाजीराजे गादीवर आले १६८४ मध्ये. संभाजी महाराज पकडले गेले १६८९ च्या सुरुवातीला आणि मार्चमध्ये त्यांची हत्या झाली. म्हणजे या जेवणासाठी मधली पाच वर्षं उरतात. त्या पाच वर्षांत औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरलेला होता. रायगडापासून तंजावर हजार किलोमीटरहून लांब. या मेजवानीचा समकालीन कागद कुणी पुढे आणलेला नाही. आणि चिंच? कावेरीच्या खोऱ्यात ती मराठे येण्याच्या कितीतरी आधीपासून रोजच्या कुळंबूत पडत होती. तिथल्या आचाऱ्याला चिंचेचा शोध अपघाताने लावायची गरज नव्हती.

शब्दाचं म्हणाल तर 'संभार' म्हणजे संस्कृतात सामग्री, जमवलेलं साहित्य. आपल्या विदर्भात आजही बाजारात सांबार मागितला तर कोथिंबिरीची जुडी मिळते. कोकणात सांबारं म्हणतात. तेव्हा शब्दाचा मराठीशी संबंध असू शकतो, त्यात काही अडचण नाही. पण त्यासाठी संभाजीराजांना तंजावरच्या पंगतीला बसवायची जरुरी नाही. त्या माणसाचा इतिहास आमटीच्या टेकूशिवाय उभा आहे.

मात्र सांबाराच्या गोष्टीत एक तोटा झालाय. सगळ्यांचं लक्ष त्या एका पातेल्याकडे लागलं आणि शेजारच्या वाट्यांकडे कुणी बघेना. तंजावरच्या मराठ्यांचा खरा पुरावा त्या वाट्यांत आहे.

कुंभकोणम ही माझी सासुरवाड, म्हणून हे मी पानावर बसून पाहिलेलं आहे. मी साताऱ्याचा. लग्न झालं १९८५ साली. तेव्हा मद्रासच्या एग्मोरवरून मीटरगेजची गाडी रात्रभर डुलत जायची आणि पहाटे कुंभकोणमला सोडायची. सारंगपाणी मंदिराच्या मागच्या गल्लीत घर होतं, लांबट, मधे चौक, मागे विहीर. शेजारीपाजारी त्यांना 'रायर' म्हणत. 'राव'चं ते तमिळ रूप. बाहेर तमिळ, कागदोपत्री इंग्रजी आणि उंबऱ्याच्या आत मराठी. पण ती मराठी आपल्या कानाला पहिल्यांदा लागते ती सुरामुळे. शब्द आपले, हेल कावेरीचा.

पहिल्या जेवणाला केळीच्या पानावर वरच्या बाजूला एक पांढरट कालवलेलं वाढलं गेलं. वर मोहरीची फोडणी. मी बोट लावून चाखलं आणि म्हणालो, "हे तर डांगर." सासूबाई वाढता वाढता थांबल्या. "तुमच्याकडेही करतात?" असं त्यांनी विचारलं. माझी आजी वाईला उन्हाळ्यात भाजी नसली की हेच करायची, फक्त कांदा घालून. सासूबाईंच्या देवळालगतच्या घरात कांदा नव्हता, एवढाच फरक. त्यानंतर त्यांनी शेजारणीला भिंतीवरून तमिळमध्ये काहीतरी मोठ्याने सांगितलं. त्यातले 'माप्पिळ्ळै', म्हणजे जावई, आणि 'डांगर' हे दोनच शब्द मला कळले.

विचार करा. साडेतीनशे वर्षांपूर्वी फुटलेली दोन घरं. मधे ना पत्रव्यवहार, ना येणंजाणं. आणि उडदाच्या पिठाचं तेच कालवण, त्याच नावाने, दोन्ही टोकांना. (खानदेशात किंवा इतर काही भागांत डांगर म्हणजे लाल भोपळा. तिकडच्या श्रोत्यांनी गोंधळू नये. इथे भोपळ्याचा संबंध नाही.)

कृती इतकी सोपी आहे की मी ती सियाचीनच्या पायथ्याशीसुद्धा केली आहे. एक वाटी उडीद डाळ मंद आंचेवर खमंग वास येईपर्यंत भाजायची. गार झाली की चमचाभर जिरं घालून बारीक दळायची. डबा महिनाभर टिकतो. ऐन वेळी वाटीभर दह्यात अर्धी वाटी पाणी, मीठ, हिंग आणि या पिठाचे दोन मोठे चमचे घालून गुठळ्या मोडायच्या. वरून मोहरी, हिरवी मिरची, कढीपत्त्याची फोडणी. लगेच खायचं, कारण पंधरा मिनिटांत ते घट्ट व्हायला लागतं. तमिळ घरांत याला डांगर पच्चडी म्हणतात आणि ते मराठी नाव आहे हे अनेकांच्या गावीही नसतं.

दुसरी वाटी रसवांगीची. नावातच रस आणि वांगी आहेत, वेगळं काय सांगू. पाव किलो छोटी वांगी चिंचेच्या कोळात शिजवायची. दोन चमचे धणे, एक चमचा चणाडाळ, चार लाल मिरच्या तेलावर परतून मूठभर ओल्या खोबऱ्याबरोबर वाटायच्या. अर्धी वाटी तुरीची डाळ शिजवून घोटायची, सगळं एकत्र उकळायचं. सांबारापेक्षा दाट हवं. भाताच्या उतारावरून ओघळता कामा नये, ही सासूबाईंची कसोटी.

तिसरं पिट्लै. इथे मजा आहे. नाव ऐकून आपण बेसनाचं पिठलं समोर येईल म्हणून भाकरीची वाट बघतो आणि येतं कारल्याचं किंवा वांग्याचं डाळ-खोबरं घातलेलं आंबट-तिखट कालवण. बेसन नावालाही नाही. माझं मत असं की नाव आपल्या पिठल्याचंच, पण पदार्थ तिथल्या भाताने बदलून टाकला. डांगर तसंच राहिलं, रसवांगीने तिथला मसाला घेतला, पिट्लैने नाव ठेवून बाकी सगळं सोडलं. एका समाजाचं काय झालं हे या तीन वाट्या एका पानावर दाखवतात. पोळीबद्दल मात्र मी दावा करणार नाही. पुरणपोळी कन्नड, तेलुगू, तमिळ सगळ्यांकडे आहे, आणि सगळं आपणच दिलं असं म्हणत फिरायची हौस मला नाही.

हे टिकलं का, याचं उत्तर राजवाड्यात सापडत नाही. राजवाड्याने कागद ठेवले, भरपूर ठेवले. सरफोजीराजांनी, म्हणजे दुसऱ्या सरफोजींनी, १७९८ ते १८३२ या काळात सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणलं. तिथे 'शरभेंद्र पाकशास्त्र' नावाचं पाककृतींचं मराठी हस्तलिखितही आहे. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली भोसल्यांचा इतिहास त्यांनी मराठीत कोरून घेतला. पण राज्याचा कारभार १७९९ च्या तहानेच इंग्रजांकडे गेला होता. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्र नसताना वारले आणि उरलेली गादीही संपली.

मग मराठी बोलणाऱ्या घरांनी काय केलं? इंग्रजी शिकली. कुंभकोणमला १८५४ मध्ये सुरू झालेलं कॉलेज पुढे इतकं गाजलं की त्याला दक्षिणेचं केंब्रिज म्हणत. सर टी. माधवराव १८२८ साली याच कुंभकोणमला जन्मले. त्रावणकोर, मग इंदूर, मग बडोदा, अशा तीन संस्थानांचे ते दिवाण झाले. त्यांचे नातलग दिवाणबहादूर रघुनाथराव, तेही कुंभकोणमचे, तेही इंदूरचे दिवाण. विचार करा, होळकर आणि गायकवाड यांच्या दरबारात कावेरीकाठचा मराठी माणूस कारभार बघतो. पण यांचा पत्रव्यवहार इंग्रजीत. पुरुषांची मराठी कचेरीतून गेली, मोडी दप्तरात बंद झाली. ती राहिली बायकांच्या तोंडी, आणि त्यातही मुख्यतः चुलीपाशी. स्नानाच्या पाण्याचं गंगाळ तमिळमध्ये 'गंगाळम' होऊन बसलं, पण बाकीचे शब्द घराबाहेर फारसे पडले नाहीत.

सासूबाई शाळेत तमिळ शिकल्या. देवनागरी त्यांना पोथीपुरती लागायची, लिहायची सवय नव्हती. त्यामुळे त्यांनी चाळीसेक वर्षं जी वही भरली ती तमिळ अक्षरांत. भाषा मराठी, लिपी तमिळ. अनेक रायर घरांत असंच आहे. मापंही तमिळ: पडी आणि आळाक्कु. आठ आळाक्कु म्हणजे एक पडी. पितळेचा तो छोटा आळाक्कु आजही घरात आहे.

२०१९ मध्ये सासूबाई गेल्या. वही मेहुण्याच्या मुलीकडे, आमच्या भाचीकडे आली. ती चेन्नईत नोकरी करते, तमिळ आणि इंग्रजी उत्तम, मराठी समजते पण बोलत नाही. तिने एका रात्री बायकोला व्हिडिओ कॉल केला. "आत्या, यात एक तिखट पदार्थ आहे आणि त्यात गूळ लिहिलाय. आजीची चूक झाली का?"

चूक नव्हती. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. ट आणि ड यांना एक. त, थ, द, ध यांना एक. प, फ, ब, भ यांना एक. तमिळला त्याने काही अडत नाही, त्या भाषेचे नियमच सांगतात कुठे काय म्हणायचं. पण मराठी त्यात लिहिली की नाव वाचायला ते आधी ऐकलेलं असावं लागतं. सासूबाईंनी लिहिलं होतं 'घारगे'. भाचीने वाचलं 'कारगे'. आणि तमिळमध्ये 'कारम्' म्हणजे तिखट! लाल भोपळ्याचे गोड घारगे तिने तिखटाच्या यादीत टाकले होते.

बायको हसली आणि मग गप्प झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "मी गेले की ही वही कुणाला वाचता येणार नाही. अक्षरं येतील, पदार्थ येणार नाहीत." फौजेत असताना सांकेतिक संदेश मी पुष्कळ पाहिले. किल्ली जिच्याकडे आहे ती व्यक्ती आपल्याच घरात चहा गाळतेय हे पहिल्यांदाच पाहिलं.

मग आम्ही कामाला लागलो. डिसेंबरमध्ये पंधरा दिवस कुंभकोणमला राहिलो. दुपारी सगळे ओट्यापाशी. भाची पान उलटून वाचायची, बायको बरोबर उच्चार सांगायची, मी शेजारी देवनागरीत पेन्सिलीने लिहायचो आणि भाचीचा फोन सगळं मुद्रित करत असायचा. रोज दोन पदार्थ करूनही बघितले, कारण 'पुरेसं मीठ' आणि 'नेहमीसारखं' यांचं माप कुठल्याच लिपीत मिळत नाही. आळाक्कुत पाणी भरून मेहुण्याने मोजलं, एकशे सत्तर मिलिलिटरच्या आसपास भरलं. मधल्या वेळेला पितळी डबऱ्यातली कॉफी. कामाचा वेग कॉफीवर अवलंबून होता हे नमूद करतो.

एकूण नोंदी एकसष्ट. त्यातल्या बावन्न लागल्या. नऊ राहिल्या आहेत. साहित्य लिहिलंय, कृती लिहिलीय, नावही स्पष्ट लिहिलंय, पण ते पदार्थ बायकोच्या लहानपणीच घरात व्हायचे बंद झाले असावेत. तिने ते खाल्ले नाहीत, म्हणून नाव उच्चारता येत नाही. एका नावाची चार अक्षरं आहेत आणि त्यातली तीन दोन-तीन प्रकारे वाचता येतात. तांदळाची कणी, गूळ, सुंठ आणि तूप, एवढं नक्की.

ती नऊ पानं पुढच्या भागात पडद्यावर दाखवतो. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, बेळगाव, तंजावर, जिथे कुठे असाल तिथे घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला जवळ बसवा आणि साहित्य मोठ्याने वाचून दाखवा. नाव सांगू नका. ते त्यांनाच म्हणू द्या.