40 पौंडांना गहाण पडलेला वर्ल्ड कप

17 एप्रिल 1911. इटलीतलं तुरीन शहर. फायनलमध्ये एका बाजूला घरचा संघ युव्हेंटस. हो, तोच, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, ज्याच्याकडून पुढे झिदान आणि रोनाल्डो खेळले. समोर वेस्ट ऑकलंड नावाच्या एका इंग्लिश गावाचा संघ, त्यातले बहुतेक खेळाडू कोळशाच्या खाणीत काम करणारे. निकाल 6-1. सहा गोल खाणवाल्यांचे.

हे ऑकलंड न्यूझीलंडचं नव्हे. ईशान्य इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातलं हे एक छोटं गाव. तिथला क्लब नॉर्दर्न लीगमध्ये खेळायचा. 1889 साली सुरू झालेली ही लीग आजही चालू आहे. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळायला 1885 पासून रीतसर परवानगी होती, पण वेस्ट ऑकलंडचे खेळाडू हौशी होते. म्हणजे पाळी संपली की अंगावरची काजळी धुवायची आणि मैदानावर जायचं.

आता हे लोक तुरीनला पोहोचले कसे? त्यासाठी थॉमस लिप्टनकडे जावं लागेल. तुमच्या कपात बुडणाऱ्या टी-बॅगवर ज्याचं नाव असतं, तोच हा लिप्टन. 1871 साली ग्लासगोत किराणा दुकान उघडलं, 1890 मध्ये श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, चहाचे मळे घेतले आणि अमाप पैसा केला. त्याला खेळांचं भारी वेड. अमेरिकाज कप या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत तो 1899 ते 1930 या काळात पाच वेळा उतरला आणि पाचही वेळा हरला. स्वतःला कप मिळेना, तर निदान दुसऱ्यांना द्यावा, असं काही त्याच्या मनात होतं का, कोण जाणे. 1909 साली तुरीनमध्ये भरलेल्या फुटबॉल स्पर्धेला त्याने चांदीचा करंडक दिला.

इटली, जर्मनी आणि स्वित्झर्लंडचे संघ आले. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने मात्र संघ पाठवायला नकार दिला. फुटबॉल आम्ही जगाला शिकवला, आता जगाशी कशाला खेळायचं, असा एक ताठा त्या संस्थेत पुढेही बराच काळ टिकला. ती रिकामी जागा वेस्ट ऑकलंडने भरली. त्यांनी श्टुटगार्टच्या संघाला 2-0 हरवलं आणि 12 एप्रिलच्या फायनलमध्ये स्विस क्लब विंटरथूरलाही 2-0.

इथे एक दंतकथा येते, आणि ती ऐकायला फार गोड आहे. म्हणे निमंत्रण खरं तर लंडनच्या वुलिच आर्सेनलला (म्हणजे आजच्या आर्सेनलला) जायचं होतं. कुणा कारकुनाने ‘डब्ल्यू. ए.’ ही आद्याक्षरं वाचली आणि पत्र चुकून वेस्ट ऑकलंडला धाडलं. याला कसलाही पुरावा नाही. तरी गोष्ट शंभर वर्षं टिकली आहे. कारण उघड आहे. खाणीतली माणसं परदेशात जाऊन जिंकतात, हे पचवण्यापेक्षा कारकुनाची चूक पचवणं सोपं जातं. ते चांगले खेळत होते, हा साधा खुलासा कुणाला पुरत नाही. बरं, 1909 साली पत्र चुकलं असं क्षणभर मानू. मग 1911 चं काय? तेव्हा विजेते म्हणून ते पुन्हा गेले, झ्युरिकला 2-0 आणि युव्हेंटसला 6-1 हरवून आले. सहा गोल काही पत्त्याच्या घोळातून होत नाहीत.

दुसरी अतिशयोक्ती उलट दिशेची. या स्पर्धेला ‘पहिला वर्ल्ड कप’ म्हणायची पद्धत आहे. 1982 साली या कथेवर टीव्ही चित्रपट आला, त्याच्या नावातही ‘वर्ल्ड कप’ होताच. गावाने अभिमानाने म्हणावं, पण चार देशांचे चार संघ म्हणजे जग नव्हे. आदल्याच वर्षी लंडन ऑलिम्पिकमध्ये देशांचे संघ फुटबॉल खेळले होते. मला वाटतं, हा किताब काढून घेतला तरी वेस्ट ऑकलंडचं काहीच कमी होत नाही.

कारण खरी गोष्ट पैशांची आहे. हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो. इथे होतं. भरपगारी रजा ही चीज तेव्हा खाण कामगाराला ठाऊक नव्हती. दोन्ही फायनल ईस्टरच्या सोमवारी झाल्या खऱ्या, पण डरहॅमहून तुरीन म्हणजे रेल्वे, बोट, पुन्हा रेल्वे. जितके दिवस बाहेर, तितकी मजुरी बुडाली. पैसे घेऊन खेळणं हलकं, ही कल्पना ज्यांच्या घरी पैसा होता त्यांची. तिची किंमत मोजत होते हे लोक.

सलग दोनदा जिंकल्यामुळे करंडक कायमचा वेस्ट ऑकलंडचा झाला. कायमचा म्हणजे किती दिवस? इटलीच्या दौऱ्याने क्लब कर्जात बुडाला होता. गावातल्या व्हीटशीफ हॉटेलच्या मालकीणबाईंनी 40 पौंड दिले आणि करंडक त्यांच्याकडे गहाण गेला. मधल्या काळात दोन महायुद्धं झाली, 1930 साली उरुग्वेत खरा वर्ल्ड कप सुरू झाला. 1960 मध्ये क्लबने 100 पौंड मोजून करंडक सोडवून आणला. गंमत म्हणजे नॉर्दर्न लीगचं पहिलं विजेतेपदही त्यांना त्याच वर्षी मिळालं. युव्हेंटसला हरवल्यानंतर जवळपास अर्धशतकाने!

मग करंडक गावातल्या कामगारांच्या क्लबात ठेवला गेला. जानेवारी 1994 मध्ये तो तिथून चोरीला गेला आणि परत सापडला नाही. ‘खऱ्या’ वर्ल्ड कपचा जुना ज्यूल रिमे करंडकही 1983 साली रिओमधून असाच गेला, तोही मिळाला नाही. एवढ्या एका बाबतीत मात्र दोन्ही कप बरोबरीचे.

गावात आता हुबेहूब प्रतिकृती आहे. क्लबही आहे. 2012 आणि 2014 साली छोट्या क्लबांच्या एफए व्हाज स्पर्धेची फायनल खेळायला तो वेम्बलीला गेला होता. दोन्ही वेळा हरला.