आकाशाचा कोतवाल कोण?

२७ ऑगस्ट १७८३ रोजी पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावरून जाक शार्ल यांनी हायड्रोजन भरलेला एक फुगा आकाशात सोडला. त्यात माणूस नव्हता. आजच्या भाषेत बोलायचे तर ते मानवरहित विमानच! पाऊण तासाने ते गोनेस नावाच्या खेड्यात उतरले आणि घाबरलेल्या गावकऱ्यांनी हाताला लागतील ती शेतीची अवजारे घेऊन त्याच्या चिंध्या केल्या. अखेर सरकारला जाहीर निवेदन काढावे लागले, की काळवंडलेल्या चंद्रासारखा गोळा आकाशात दिसला तर भिऊ नका.

पुढे पॅरिसमध्ये फुग्यांचे वेडच पसरले. हौशी मंडळी लहान फुग्यांखाली स्पिरिटचे दिवे टांगून ते सोडू लागली. असला दिवा कोणाच्या गवताच्या गंजीवर उतरेल, याचा नेम नव्हता. लनुआर हे त्या वेळी पॅरिसचे पोलीसप्रमुख होते. २३ एप्रिल १७८४ रोजी पोलिसांचा हुकूम निघाला : दिवे किंवा दारूकाम लावलेले फुगे बनवायचे नाहीत आणि सोडायचे नाहीत, इतर फुगे सोडायचे तर आधी परवानगी घ्यायची. हवाई कायद्याच्या इतिहासात हा पहिला नियम मानला जातो. मुंबई पोलिसांनी अलीकडे दिवाळीत उडत्या कंदिलांवर बंदी घातली, तेव्हा त्यांच्याही मनात आगीचीच भीती होती. लनुआर यांनी आकाशावर कसला हक्क सांगितला नव्हता. त्यांना काळजी होती ती छपरांची. पुढे १८१९ मध्ये पॅरिसच्याच पोलिसांनी पिके निघेपर्यंत फुग्यांचे प्रयोग करू नयेत, असेही बजावले.

विमान आले आणि आकाश कोतवालाच्या हातून सुटले. १३ ऑक्टोबर १९१९ च्या पॅरिस कराराने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या हद्दीवरील आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व मान्य केले. ते योग्यच झाले. दर गावाने वेगळा नियम केला असता, तर विमान उडालेच नसते. मग जमीनमालकाचे काय? अमेरिकेत उत्तर कॅरोलिनातील एका कुक्कुटपालकाने हा प्रश्न न्यायालयात नेला. लष्करी विमाने त्याच्या जागेवरून अवघ्या ८३ फुटांवरून जात आणि भेदरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरत. १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जमिनीची मालकी थेट स्वर्गापर्यंत पोचते ही जुनी कल्पना आता चालणार नाही. पण मालक जितकी जागा वापरू शकतो, तितके आकाश त्याचेच.

नेमक्या त्याच उंचीवर ड्रोन आले. बोस्टनला लागून असलेल्या न्यूटन शहराने डिसेंबर २०१६ मध्ये नियम केला, की ड्रोनची नोंद शहराकडे करावी आणि खासगी जागेवर ४०० फुटांखाली मालकाच्या परवानगीशिवाय उडवू नये. आता गंमत पाहा. केंद्राचा नियम म्हणत होता, ४०० फुटांच्या वर साधारणपणे जायचे नाही. शहर म्हणत होते, खाली यायचे नाही. मग उडवायचे कुठे? सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्रीय न्यायालयाने शहराची ही कलमे रद्द केली. कायद्याने निकाल बरोबर असेल. पण आपल्या खिडकीपुढचे चार हात आकाश आपल्या नगरपालिकेच्याही अखत्यारीत नाही, हे नागरिकाला पटवणे अवघड आहे. पोलिसांचेही तसेच. अमेरिकी कायद्यात ड्रोन हे विमानच ठरते. म्हणून ते पाडणे हा गंभीर गुन्हा. २०१८ मध्ये धोकादायक ड्रोन पाडण्याची मुभा देणारा कायदा झाला, पण ती मिळाली केंद्राच्या खात्यांना. गावच्या पोलिसाने खाली उभ्या असलेल्या चालकाला शोधावे, एवढेच तेव्हा उरले होते.

आपल्याकडे मे २०१४ मध्ये मुंबईत वरळीच्या एका उंच इमारतीच्या गच्चीवर ड्रोनने पिझ्झा पोचवला गेला. पोलिसांनी लगेच विचारणा केली : परवानगी कोणाची? ऑक्टोबरमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियम होईपर्यंत खासगी ड्रोनना मनाईच केली. पुढे २०२१ च्या ड्रोन नियमांनी मात्र न्यूटनला न मिळालेली गोष्ट काही अंशी दिली. तातडीची गरज असेल, तर पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत ‘लाल क्षेत्र’ जाहीर करू शकेल, अशी ही तरतूद. ते क्षेत्र ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर दाखवायचे आणि ड्रोन उडवणाऱ्याने आधी तो नकाशा पाहायचा. लग्नाचे चित्रण करायला आलेल्या पोराने तो पाहिला की नाही, हे मात्र हवालदाराला मांडवात जाऊनच विचारावे लागते.